दानाआधीची अनुकंपा

दया, अनुकंपा, औदार्य, परोपकार, मानवता, दान हे शब्द समाजाच्या निमंत्रणपत्रिकांत आणि अभिनंदनपत्रांत एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. त्यांचे अर्थ मात्र एक नाहीत. दुसऱ्याच्या दुःखाने आपल्या अंतःकरणाला सुटणारा कंप म्हणजे अनुकंपा. औदार्य हा मनाच्या मोठेपणाचा गुण होय. परोपकार ही कृती आहे. मानवता माणसापुरती असते. जीवदया त्याहून विस्तृत असून ती पांजरापोळातील पांगळ्या बैलापर्यंत पोहोचते.

मग दान कशास म्हणावे? तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी त्यासाठी दोन अटी घातल्या आहेत. हेतू अनुग्रहाचा असावा आणि दिलेली वस्तू स्वतःची असावी. दुसरी अट व्यापाऱ्याने विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अनेक पेढ्यांवर गिऱ्हाइकाच्या बिलात धर्मादा लावण्याची रीत होती. ती रक्कम वहीत वेगळ्या खाती जमा होई, कारण ती पेढीची नव्हे. असा धर्मादा व्यापाऱ्याचे उत्पन्न ठरत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानेही दिला आहे. ती रक्कम योग्य स्थळी पोहोचवणे हा प्रामाणिकपणा झाला. ते मालकाचे दान नव्हे. दान त्याने स्वतःच्या मिळकतीतून करावे.

याच ग्रंथात पुढे म्हटले आहे की विधी, द्रव्य, दाता आणि पात्र या चार गोष्टींमुळे दानादानांत भेद पडतो. या चारांत विधी, म्हणजे देण्याची रीत, पहिली आहे. तिचे मर्म कच्छमधील भद्रेश्वरचे श्रेष्ठी जगडूशाह यांच्या चरित्रातून उमगते. विक्रम संवत 1313 ते 1315 या काळात भीषण दुष्काळ पडला. त्यापूर्वीच त्यांनी धान्याची कोठारे भरून ठेवली होती. राजा वीसलदेवाने धान्य मागितले, तेव्हा आपल्यापाशी स्वतःचे धान्यच नाही, असे त्यांनी सांगितले. कोठारातील ताम्रपटावर ते धान्य दीनांसाठी साठवल्याचे कोरलेले होते. जे सर्वस्वी त्यांचे होते, ते त्यांनी आधीच मनातून सोडले होते.

चरितकाराने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. कुलीन घरांतील ज्यांना हात पसरण्याची लाज वाटे, त्यांना जगडूशाह रात्री लाडू देत आणि त्या लाडवांत सोन्याची नाणी असत. या लाडवांना नाव होते ‘लज्जापिंड’. उपाशी माणसाला भुकेइतकीच लाजही छळते, हे त्या श्रेष्ठींनी जाणले होते. हीच अनुकंपा होय.

असे लाजरे दुःख आजही आपल्या गल्लीत आहे. दुकान बंद पडलेला साधर्मिक मदतीच्या रांगेत उभा राहत नाही. मुलीचे शुल्क थकले तरी तो संस्थेत अर्ज करीत नाही. धनादेश स्वीकारतानाचे आपले छायाचित्र छापले जाईल, याची त्याला धास्ती असते. चढाव्याची बोली सभेत उच्चारावी, दात्याचे नाव फलकावर लिहावे. त्याने इतरांनाही प्रेरणा मिळते. परंतु घेणाऱ्याचे नाव कोठेही उमटू नये. दात्याने स्वतः त्याच्या घरी जावे, विचारपूस करावी आणि मागण्याची वेळ येण्यापूर्वीच देऊन यावे. वहीत त्या रकमेपुढे नाव लिहिले नाही, तरी हिशेब चुकत नाही.