तिसाव्या वर्षापर्यंतची मुदत

दुकानाच्या गादीवर बसू लागलेला मुलगा एके दिवशी जेवताना म्हणतो, "मला गाणे शिकायचे आहे, छंद म्हणून नव्हे, आयुष्याचे काम म्हणून." घरात क्षणभर शांतता पसरते. वाढता वाढता आईचा हात थांबतो. वडिलांच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो व्यवहाराचा: यावर पोट कसे चालणार? त्या प्रश्नाला कोणी अरसिकपणा म्हणू नये. घर चालविणाऱ्याने तो विचारलाच पाहिजे. मात्र त्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढेच असते, असे नाही. इटलीतील एका पाव भाजणाऱ्याच्या घरात याच प्रश्नाला जे उत्तर मिळाले, ते आपणा व्यापारी कुटुंबांना विशेष पटावे असे आहे.

लुचानो पावारोत्ती यांचा जन्म १२ ऑक्टोबर १९३५ रोजी उत्तर इटलीतील मोदेना या गावाच्या परिसरात झाला. वडील फेर्नांदो बेकरीत पाव भाजत, आई आदेले सिगारच्या कारखान्यात कामाला जात. दोन खोल्यांत चार माणसांचा संसार होता. वडिलांचा स्वतःचा गळा उत्तम होता, परंतु रंगमंचावर उभे राहण्याच्या भीतीने त्यांनी गायनाचा व्यवसाय कधी पत्करला नाही. हौशी गायकवृंदात ते गात, पुढे मुलगाही त्यांच्या शेजारी उभा राहून गाऊ लागला. १९५५ साली मोदेनाच्या त्या वृंदाने वेल्समधील लान्गोलेन येथील आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळविले. त्या यशाची आठवण पावारोत्तींनी जन्मभर जपली.

मुलाने गायक होण्याचा मनोदय सांगितला तेव्हा आईने उत्तेजन दिले. कचरले ते वडीलच. गळ्याची किंमत जाणणाऱ्यालाच त्या धंद्यातील जोखीमही ठाऊक होती. अखेर घरात एक करार ठरला. तिसाव्या वर्षापर्यंत मुलाला घरी राहण्याखाण्याची ददात नाही. तोवर जम बसला नाही, तर त्याने मिळेल त्या मार्गाने स्वतःचे पोट भरावे. अटी स्पष्ट होत्या आणि मुदतही ठरलेली होती.

ही मुदत एवढी लांब का? ऑपेरा म्हणजे आरंभापासून अखेरपर्यंत गाण्यातून घडणारे नाटक. गायकापुढे पूर्ण वाद्यवृंद असतो, मोठे नाट्यगृह असते. परंतु परंपरेने ध्वनिक्षेपक नसतो. वाद्यांच्या गजरावरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचा, शब्द स्वच्छ उमटवायचे, अभिनयही सांभाळायचा, आणि हे सारे करून गळा दुसऱ्या प्रयोगासाठी शाबूत ठेवायचा. हे बळ घशातून येत नाही. पोट, बरगड्या आणि श्वासपटल यांच्या शिस्तीतून ते हळूहळू घडते. घाई केली तर गळाच जायबंदी होतो.

१९५४ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, पावारोत्तींची तालीम अरिगो पोला या मोदेनातीलच व्यावसायिक गायकाकडे सुरू झाली. घरची परिस्थिती पाहून त्यांनी शुल्क घेतले नाही. आरंभी गाणी बाजूलाच राहिली. स्वरांचे उच्चार आणि आलापांचे पाठ यांवरच भर होता. पुढे पोला जपानला गेले आणि मांतुआ येथील एत्तोरे काम्पोगाल्यानी यांच्याकडे शिक्षण चालू राहिले. तेथेच मिरेल्ला फ्रेनी शिकत होत्या. त्याही मोदेनाच्याच, आणि दोघांच्या आया एकाच कारखान्यात कामाला होत्या. या काळात पावारोत्ती रिकामे बसले नव्हते. त्यांनी दोन वर्षे प्राथमिक शाळेत शिकविले, विमाही विकला.

सहा वर्षांच्या मेहनतीनंतर जमेच्या बाजूला काय होते? लहानसहान गावांतील मोजक्या मैफली, त्याही बिनपैशाच्या. त्यातच स्वरतंतूवर गाठ आली. फेरारा येथील मैफल पुरती फसली आणि त्यांनी गाणे सोडण्याचे ठरविले. नवल असे, की तो निर्णय होताच मनावरचा भार उतरला, गाठ नाहीशी झाली आणि आवाज पूर्वीपेक्षा मोकळा झाला. पावारोत्ती स्वतः याचे श्रेय मनाच्या त्या सुटकेलाच देत.

१९६१ मध्ये रेज्जो एमिलिया येथील स्पर्धा त्यांनी जिंकली आणि २९ एप्रिल रोजी त्याच गावच्या नाट्यगृहात पुच्चिनी यांच्या 'ला बोएम' मध्ये कवी रोदोल्फोच्या भूमिकेत ते प्रथम उभे राहिले. वय पंचवीस, कराराची मुदत अजून चार वर्षांहून अधिक शिल्लक होती. १९६३ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये ज्युसेप्पे दी स्तेफानो यांच्या जागी ऐनवेळी गाण्याची संधी आली, आणि ते तयार होते.

तरी शिकणे संपले नाही. १९६५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात थोर गायिका जोन सदरलंड यांच्या बरगड्यांखाली हात ठेवून, गाताना श्वासपटल कसे हालते हे त्यांनी समजून घेतले. नावलौकिक वाढत असताना सहगायिकेचे शिष्यत्व पत्करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. १७ फेब्रुवारी १९७२ रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात त्यांनी दोनिझेत्ती यांच्या एका गीतातील नऊ अत्युच्च स्वर लीलया लावले, तेव्हा प्रेक्षकांनी त्यांना सतरा वेळा पडद्यापुढे बोलाविले. त्या रात्रीची पूर्वतयारी मोदेनातील त्या दोन खोल्यांत अठरा वर्षांपूर्वी सुरू झाली होती.

प्रत्येक गाणाऱ्या मुलाचा पावारोत्ती होत नाही, हे वडिलांनी विसरू नये आणि मुलानेही. परंतु फेर्नांदो यांनी यशाची हमी कोठे मागितली होती? आपल्याला झेपेल एवढी जोखीम त्यांनी उचलली, तिला कालमर्यादा घातली, आणि मधल्या काळात रोजचा हिशेब विचारला नाही. नव्या पेढीला आपण जम बसण्यासाठी काही वर्षे देतोच. पहिल्या दिवाळीलाच नफा दिसला नाही म्हणून कोणी तिला कुलूप लावीत नाही. घरातील मुलामुलींच्या गुणालाही तेवढाच अवधी द्यावा. मुदत संपल्यावर यश आले नाही, तर मूल निमूटपणे दुसऱ्या कामाला लागेल; परंतु आपल्याला संधीच मिळाली नाही, हे शल्य त्याला जन्मभर बाळगावे लागणार नाही.