बचत कारखान्याची, जोखीम रुग्णाची

सालेकसा किंवा देवरीचा रुग्ण नागपूरहून सीटी स्कॅन किंवा एमआरआय करून परततो, तेव्हा रिपोर्टच्या पिशवीत बहुधा एक सीडी असते. ती इतकी स्वस्त का, याचे उत्तर तिच्या बनावटीत आहे.

साडेतीन इंची फ्लॉपीत चुंबकीय चकती, आतले अस्तर, सरकते झाकण, त्याची स्प्रिंग आणि कवचाचे दोन भाग जुळवावे लागत. एवढे करून जागा फक्त १.४४ एमबी. सीडीत जुळवण्यासारखे काही उरलेच नाही. साच्यातून १.२ मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची चकती निघते, तिच्यावर थर चढवले की झाले. जागा सुमारे ७०० एमबी. जोडणी कमी म्हणजे वेळ, मजुरी आणि खराब माल, तिन्ही कमी.

आता सीडी वाचणारे ड्राइव्हच नव्या लॅपटॉपमध्ये नसते. म्हणून स्कॅन पेन ड्राइव्हवर घेतले जाते. तिथेही तीच वाट आहे. पूर्वी सर्किट बोर्डावर मेमरी चिप, नियंत्रक चिप असे भाग वेगवेगळे डाखलेले असत. अनेक स्वस्त ड्राइव्हमध्ये आता हे सारे एकाच ठोकळ्यात बंद असते. तो स्वस्त पडतो, पाण्या-धुळीलाही टिकतो. पण बिघडला, तर मेमरी चिप सुटी काढून वाचण्याची सोय राहत नाही. विशेष प्रयोगशाळा गाठावी लागते आणि तिचा खर्च ड्राइव्हच्या किमतीच्या कित्येक पट असतो.

स्वस्ताईला विरोध नाही. पण कर्करोग किंवा पक्षाघाताच्या रुग्णाचे जुने स्कॅन नव्याशी ताडून पाहावे लागते. ते हरवले तर पुन्हा तपासणी, पुन्हा खर्च, बुडालेली मजुरी आणि सीटी असेल तर पुन्हा किरणोत्सर्ग. कारखान्यात वाचलेले काही रुपये इथे असे वसूल होतात.

म्हणून स्कॅनची प्रत एकाच वस्तूवर ठेवू नये. सीडीतले संपूर्ण फोल्डर आणखी दोन ठिकाणी उतरवून घ्यावे. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो त्याची जागा घेऊ शकत नाही. दाखल रुग्णाच्या नोंदी डॉक्टरांनी तीन वर्षे जपाव्यात आणि मागितल्यास ७२ तासांत द्याव्यात, असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. तो हक्क वापरावा. रुग्णालयांनीही सीडी हातात देऊन मोकळे न होता, दुसरी प्रत करून देण्याची सोय खिडकीवरच ठेवावी. वस्तू स्वस्त झाली, म्हणून तिच्यातली माहिती स्वस्त होत नाही.