डार्क मॅटरला एक्सपायरी डेट आहे का?

लॅबमध्ये उत्तर आधी ठाऊक असतं आणि मग रीडिंग येतं! विश्वाच्या बाबतीत मात्र मागच्या बॅचचं जर्नल मिळत नाही. म्हणून डार्क मॅटरच्या क्षयाची ही भानगड मला फार आवडते.

विश्वातल्या द्रव्यापैकी सुमारे ८५ टक्के डार्क मॅटर. ते दिसत नाही, फक्त त्याचं गुरुत्वाकर्षण जाणवतं. ते कायम टिकतं असं आपण धरून चालतो. का बरं? सुटा न्यूट्रॉनसुद्धा सरासरी पंधरा मिनिटांत संपतो.

शंकेला आधारही होता. प्लँक उपग्रहाच्या २०१८ च्या आकड्यांवरून आज द्रव्याच्या जेवढ्या गुठळ्या दिसायला हव्यात, त्यापेक्षा कमी गुठळ्या 'किड्स' या दीर्घिकांच्या पाहणीत दिसत होत्या. गुठळ्यांचं माप ०.८३ ऐवजी ०.७६ च्या आसपास. डार्क मॅटर हळूहळू विरत असेल तर गुठळ्या कमी होणारच. झालं, हिशोब जुळला!

पण खरी व्हायवा इथूनच सुरू झाली. द्रव्य विरलं की गुरुत्वाचे खड्डे उथळ होतात. विश्व जेमतेम ३,८०,००० वर्षांचं असताना निघालेला प्रकाश अशा खड्ड्यात उतरला आणि वर येईपर्यंत खड्डाच उथळ झाला, तर तो जादा ऊर्जा घेऊन बाहेर पडणार. वाटेत त्याचं वाकणंही कमी होणार. प्लँकच्या मोजमापात याला फारशी जागाच नाही. सगळं डार्क मॅटर अदृश्य प्रारणात विरत असेल, तर त्याचं आयुर्मान सुमारे १६० अब्ज वर्षांहून जास्त हवं. विश्वाचं वय १३.८ अब्ज!

मग सुधारित मॉडेल आलं: कण थोडंसंच वस्तुमान गमावतो आणि उरलेल्या कणाला धक्का बसतो. हे ५५ अब्ज वर्षांच्या आयुर्मानावरही तगलं. आणि २०२५ मध्ये किड्सचा अंतिम निकाल लागला, ०.८१५. म्हणजे प्लँकशी जवळपास जुळणारा. डार्क मॅटर राहिलं बाजूला, तफावतच विरली!

काही जण म्हणतील, एवढी वर्षं फुकट गेली. मला साफ नामंजूर. ज्या कणाला कुणी पकडलेलं नाही, त्याचं किमान आयुर्मान आपण सांगू शकतो, हे काय थोडं आहे? असं ठाम नापास होता येणारं मॉडेल मला हजार पॅरामीटर फिरवून कायम पास होणाऱ्या मॉडेलपेक्षा केव्हाही परवडलं.

युक्लिड दुर्बीण २०२३ मध्ये अवकाशात गेली आहे. तिचा पेपर अजून फुटलेला नाही.