तक्रारीनंतरचे सात दिवस

पहूरची मुलं एसटीनं जामनेर-जळगावच्या कॉलेजात जातात, काही थेट मुंबई-पुणे गाठतात. प्रवेश घेताना त्यांच्याकडून आणि पालकांकडून रॅगिंगविरोधी शपथपत्र घेतलं जातं. कॉलेजनं काय करायचं, हे मात्र त्या पालकांना क्वचितच कुणी सांगतं.

राज्याच्या १९९९च्या रॅगिंग प्रतिबंध कायद्यानुसार लेखी तक्रारीची चौकशी संस्थाप्रमुखानं सात दिवसांत करायची असते. दोषी ठरलेल्याला दोन वर्षांपर्यंत कैद, शिवाय पाच वर्षं कुठेही प्रवेश नाही. तक्रारीकडे काणाडोळा करणाऱ्या प्रमुखालाही हा कायदा मोकळं सोडत नाही. त्याच्यावर गुन्ह्याला साथ दिल्याचा ठपका येतो.

जळगाव जिल्ह्यातल्या तडवी भिल्ल समाजाची लेक डॉ. पायल तडवी मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिनं आयुष्य संपवलं. वरिष्ठांकडून होणाऱ्या जातीवाचक छळाची कल्पना आधीच दिली होती, असं घरच्यांचं म्हणणं. तीन डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला. कॉलेजच्या समितीची चौकशी झाली, पण पायल गेल्यावर.

कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठानं आता संलग्न कॉलेजांकडून दरवर्षी हिशेब मागावा: तक्रारी किती आल्या, सात दिवसांत किती तपासल्या. नावं गाळून तो सूचनाफलकावर लावावा.