हायमास्ट लागला, बिल कोण भरणार?

मार्चचा शेवटचा आठवडा आला की जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात. शाखा अभियंते मोजमाप पुस्तिका भरत बसतात, कोषागाराच्या दारात बिलांचे गठ्ठे घेऊन माणसे ताटकळतात. वर्षभर जागचा न हललेला निधी त्या आठ दिवसांत पळू लागतो. ३१ तारीख उलटली की तो व्यपगत होतो, आणि ‘कोट्यवधींचा निधी परत गेला’ अशी बातमी छापून आली की पालकमंत्र्यांपासून गटविकास अधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांना जाब द्यावा लागतो. निधी खर्च झाला पण वस्तू बंद पडली, याचा जाब मात्र कोणी विचारत नाही.

सरकारी अनुदानाची खरी गोम इथे आहे. उपयोगिता प्रमाणपत्र गेले की फाइल बंद. पैसे मंजूर कामावरच खर्च झाले, एवढे त्यातून कळते. दोन वर्षांनी ते काम कोणत्या अवस्थेत आहे, हे पाहणे त्या फाइलचे काम नसते.

खासदार निधीचेच घ्या. २३ डिसेंबर १९९३ रोजी, नरसिंह राव पंतप्रधान असताना ही योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी प्रत्येक खासदाराला ५ लाख रुपये होते. २०११-१२ पासून वर्षाला ५ कोटी आहेत. महाराष्ट्रातून लोकसभेवर ४८ आणि राज्यसभेवर १९ खासदार जातात, म्हणजे कागदावर वर्षाला ३३५ कोटी. आमदार निधीही २०२२ च्या अर्थसंकल्पात ४ कोटींवरून ५ कोटींवर गेला. नुसते विधानसभेचे २८८ आमदार धरले तरी १,४४० कोटी होतात. ही रक्कम लहान नाही. तिच्यातून उभे काय राहते, ते कोणत्याही तालुक्यात फेरफटका मारला की दिसते: सभामंडप, काँक्रीटचे रस्ते, पेव्हर ब्लॉक, व्यायामशाळा, बसथांब्याचे शेड आणि चौकाचौकांत हायमास्ट.

खासदार निधीच्या मार्गदर्शक सूचनांत दोन गोष्टी सांगितल्या आहेत. कामाच्या जागी खासदाराचे नाव, खर्च आणि वर्ष लिहिलेला फलक लावायचा. आणि काम मंजूर करण्याआधी, ते पुढे चालवण्याची व देखभालीची हमी वापरकर्त्या संस्थेकडून घ्यायची. यातला फलक कधी चुकत नाही. पांढऱ्या संगमरवरावर काळ्या अक्षरांत तो दिमाखात उभा असतो. हमीपत्रावर सरपंच आणि ग्रामसेवक सही करून देतात, कारण सही नाही केली तर काम शेजारच्या गावाला जाते. ती हमी पुरी करायला पैसे कुठून आणणार, हे सही करणाऱ्याला ठाऊक नसते आणि सही घेणाराही विचारत नाही.

त्याची किंमत २०२१ मध्ये गावोगाव दिसली. पथदिव्यांची बिले थकली म्हणून महावितरणने वीज तोडायला सुरुवात केली आणि ऐन कोरोनाच्या काळात गावे अंधारात गेली. शेवटी सरकारने ही बिले पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून भरायला ग्रामपंचायतींना मुभा दिली. सरपंचांनी विरोध केला, आणि तो रास्तच होता: विकासासाठी आलेला पैसा जुन्या बिलांत जिरणार होता. पण दुसरी बाजूही आहे. दिव्यांचे खांब उभे राहत होते तेव्हा महिन्याच्या बिलाचा हिशेब कोणत्या ग्रामसभेत झाला होता?

वित्त आयोगाचा निधी खरे तर जास्त विचाराने दिलेला आहे. २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी देशातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपयांची शिफारस झाली. त्यातला ६० टक्के बंधित: निम्मा पिण्याच्या पाण्याला, निम्मा स्वच्छतेला. उरलेला ४० टक्के अबंधित, पण त्यातून पगार आणि आस्थापना खर्च भागवता येत नाही. नियम वाईट नाही. नाहीतर सगळा पैसा पगारातच गेला असता. पण टाकीचा व्हॉल्व्ह पहाटे उघडणारा माणूस मग कोणत्या पैशावर जगणार? घरपट्टी आणि पाणीपट्टीवर. आणि पाणीपट्टीची वसुली हा विषय निवडणुकीच्या तोंडावर कोणीही काढत नाही.

घरोघरी नळाने पाणी देण्यासाठीच्या जलजीवन मिशनने लोकवर्गणीची अट घातली. गावांतर्गत कामाच्या खर्चाच्या १० टक्के, आणि डोंगराळ, वनक्षेत्रातल्या किंवा अनुसूचित जाती-जमातींचे बहुमत असलेल्या गावांत ५ टक्के. हा फरक योग्यच आहे. मेळघाटातल्या पाड्याला आणि बारामतीजवळच्या बागायती गावाला एकच माप लावणे अन्यायाचे होईल. तरीही नळ आले आणि पाणी आले नाही अशा तक्रारी थांबल्या नाहीत. सगळ्या घरांना नळ देण्याची २०२४ ची मुदत टळली. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात योजना २०२८ पर्यंत वाढवली गेली आणि भर कामाच्या दर्जावर व देखभालीवर राहील, असे सांगितले गेले. हे पहिल्याच वर्षी सुचायला हवे होते.

अनुदानच वाईट, असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी हिवरे बाजारला जाऊन यावे. या गावाला स्वर्गातून पैसा आला नाही. आदर्श गाव योजना, रोजगार हमी, वनीकरण या सगळ्या गावांना खुल्या असलेल्या योजनाच पोपटराव पवार आणि गावकऱ्यांनी वापरल्या. फरक इतकाच, की बंधारे बांधण्याबरोबर ग्रामसभेने स्वतःवर बंधने घातली: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीसाठी बोअरवेल नाही, उसासारखे पाणी पिणारे पीक नाही. दरवर्षी पावसाचे माप घेऊन पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि त्यावरून पिके ठरतात. बंधाऱ्यांना अनुदान मिळते. ताळेबंद मांडायला एकही शासन निर्णय लागत नाही. मात्र सरपंचाला मतदारांना ‘नाही’ म्हणावे लागते. ते फार थोड्यांना जमते, हे कबूल करायला हवे.

प्रादेशिक अनुशेषाच्या, म्हणजे मागे राहिलेल्या भागांच्या विकासातल्या तुटीच्या वादातही, बांधलेले पुढे चालते का हे न पाहण्याची हीच उणीव आहे. दांडेकर समितीने १९८४ मध्ये ३,१८६.७७ कोटींचा अनुशेष मांडला, १९९४ मध्ये विकास मंडळे आली, ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. विदर्भ-मराठवाड्याची मागणी न्याय्य आहे, ती लावून धरलीच पाहिजे. पण अनुशेष मोजला जातो तो बहुतेक बांधलेल्या गोष्टींचा. बंद पडलेल्या उपसा सिंचन योजनांचाही कोणी अनुशेष काढावा.

उपाय अवघड नाही. प्रशासकीय मान्यतेच्या प्रस्तावातच पाच वर्षांच्या वीजबिलाचा, दुरुस्तीचा आणि माणसाच्या पगाराचा अंदाज जोडणे सक्तीचे करावे. निधीचा शेवटचा हप्ता काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर न देता, ते काम वर्षभर चालल्यावर द्यावा. ठेकेदार कुरकुरतील, त्यांची देयके आधीच थकलेली आहेत, त्यामुळे आधीची देणी वेळेत चुकवणे ही सरकारची पहिली जबाबदारी राहील. आणि जुनी योजना दुरुस्त करणाऱ्या आमदाराचेही नाव फलकावर लावावे. त्याला हरकत कशाला?

१ मेच्या ग्रामसभेत सरलेल्या वर्षातल्या कामांची यादी वाचून दाखवायला सांगा. प्रत्येक कामापुढे दोनच प्रश्न विचारा: चालू आहे का, आणि त्याचा महिन्याचा खर्च कोणत्या खात्यातून जातो. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.