लस हुकमाने, मग तपासही काटेकोर हवा

लस घ्यायची की नाही, हे ठरवण्याची मोकळीक सैनिकाला फारशी नसते. म्हणूनच त्या लशीने त्याच्या शरीरात काय घडते, हे आपणहून शोधणे सैन्याचे कर्तव्य ठरते. कोणी तक्रार घेऊन येईल तेव्हा नोंद करू, एवढ्याने भागत नाही. अमेरिकी सैन्याने डिसेंबर २००२मध्ये देवीची लस पुन्हा देणे सुरू केले. पहिल्या काही महिन्यांत, ती प्रथमच घेणाऱ्या २,३०,७३४ जणांपैकी १८ जणांच्या हृदयाचा स्नायू वा आवरण सुजल्याचे निदान झाले. बारा-तेरा हजारांत एक. पुढे तिथल्याच संशोधकांनी ही लस घेणाऱ्या १,०८१ जणांचे रक्त आधी आणि नंतर असे दोनदा तपासले. एवढ्या छोट्या गटात हृदयदाहाचे ५ रुग्ण निघालेच, शिवाय ३१ जणांच्या रक्तात ठळक लक्षणे नसतानाही ट्रोपोनिन वाढलेले आढळले, म्हणजे हृदयाला थोडी का होईना इजा झाल्याची खूण. रोगी दवाखान्यात येण्याची वाट पाहिली, तर दुष्परिणामाचा केवढा भाग नजरेआड राहतो, हे या आकड्यांतून दिसते.

असे आकडे जाहीर केले तर लोक लशीला घाबरतील, हा आक्षेप मला पटत नाही. भारतीय सैन्यदलांतील सुमारे १५.९ लाख आरोग्य व आघाडीच्या कर्मचाऱ्यांच्या ‘विन-विन’ अभ्यासात कोविशिल्डच्या दोन मात्रांनंतर संसर्ग सुमारे ९३ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. हा दिलासा खरा वाटतो, कारण तो मोजून आला आहे. दुष्परिणामही तितक्याच उघडपणे मोजले, तर विश्वास वाढेलच. सैनिक बहुतांशी तरुण, धडधाकट पुरुष, तेव्हा त्यांच्यावरून सगळ्यांचा अंदाज कसा बांधायचा, ही शंका मात्र रास्त आहे. वृद्धांच्या प्रतिकारशक्तीबद्दल त्यातून फारसे कळणार नाही. पण एमआरएनए लशींनंतरचा हृदयदाह मुख्यतः तरुण पुरुषांतच दिसला आणि २०२१मध्ये त्याची आरंभीची नोंद करणाऱ्यांत अमेरिकी लष्करी डॉक्टर होते.

सर्वांत अवघड प्रश्न संमतीचा आहे. वरिष्ठांनी विचारल्यावर जवान ‘नाही’ कसे म्हणेल? म्हणून लस आणि अभ्यास या दोन गोष्टी स्पष्टपणे वेगळ्या ठेवायला हव्यात. लस हुकमाने मिळो, पण रक्ताचा नमुना देणे ऐच्छिक असावे. संमती घेताना युनिटचा अधिकारी तिथे नसावा आणि नकाराची नोंद सेवापुस्तिकेपर्यंत पोहोचू नये. पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थेने, सैन्याबाहेरच्या नीतिसमितीच्या देखरेखीखाली, हे काम पुढच्या साथीची वाट न पाहता सुरू करावे.