एमबीए झाले, पण नोकरीचे काय?

बी.कॉम. झाले की आमच्या वस्तीतला पोरगा एमबीएचा फॉर्म भरतो. आई दागिने मोडते, बाप बँकेचे कर्ज उचलतो. एमबीए म्हणजे टाय, एसी आणि मोठा पगार, हे चित्र रंगवले कोणी? ज्यांना जागा भरायच्या आहेत त्यांनी!

एमबीए वाईट, असे आम्ही म्हणत नाही. अहमदाबाद आणि कोलकात्याच्या आयआयएम सरकारने 1961 साली उभारल्या. तेथे अनुसूचित जातींना 15 टक्के व जमातींना 7.5 टक्के जागा आहेत. तेथे पोहोचलेल्या मुलांना कंपन्या शोधत येतात. (जात तिथेही दाराबाहेर थांबत नाही, पण तो विषय वेगळा.) मग आमची किती मुले कॅटची तयारी पदवीच्या पहिल्या वर्षापासून करतात? खरी फसगत गल्लीबोळातल्या कॉलेजात होते. तिथली 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणजे बहुधा विमा नाहीतर क्रेडिट कार्ड विकण्याची नोकरी. ती साध्या पदवीवरही मिळते!

नुसत्या पदवीने सारे मिळत असते तर बाबासाहेबांना काय कमी होते? कोलंबिया आणि लंडनला अर्थशास्त्र शिकून ते 1917 मध्ये परतले. बडोद्याची नोकरी अस्पृश्यतेच्या छळापायी सोडावी लागली. मुंबईत त्यांनी शेअर गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईके फिरकेनाशी झाली. ज्ञान तेच, सल्ला तोच, जात आडवी आली! हे जुने झाले म्हणणाऱ्यांनी सुखदेव थोरात व पॉल अॅटवेल यांचा 2007 चा अभ्यास वाचावा. सारख्याच पात्रतेचे अर्ज खासगी कंपन्यांना पाठवले गेले. दलित आडनावाच्या अर्जांना बोलावणी कमी आली. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही, मग दाद मागायची कोणाकडे? हा प्रश्न आमचे पुढारी निवडणुकीपुरता काढतात आणि विसरतात.

तोवर पालकांनो, फी भरण्याआधी कॉलेजकडे मागच्या तीन वर्षांची यादी मागा. किती मुले बाहेर पडली, कोणत्या कंपनीत लागली, महिना किती पगारावर? सरासरीवर भुलू नका, एखाद्याच्या लाखांनी ती फुगते. जात पडताळणीचे प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा, प्रवेश त्याच कागदावर अडतो. शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत भरा. आणि यादी दाखवायला जे कॉलेज टाळाटाळ करील, तिथे एक रुपयाही भरू नका.